एक्केचाळिसावं नाव

ऑफिसात तिला सगळे नकोबाई म्हणत, आणि हे नाव तिनं आठ वर्षं घासून मिळवलं होतं. घरी मात्र ती धाकटी. बेचाळिशीला टेकली, कानाशी केस पांढरे झाले, तरी धाकटीच.

तिची कंपनी उशा, गाद्या, चादरी आणि रजया विकायची. दुकान असं कुठे नव्हतंच, सगळा कारभार पडद्यावर. पडद्यावर माल दिसतो, त्याखाली मोठं हिरवं बटण असतं, 'हो, मला हवी', आणि बटणाच्या खाली बारीक राखाडी अक्षरांत, नाही म्हणणाऱ्यासाठी एक ओळ असते. ती राखाडी ओळ लिहिणं हे धाकटीचं काम. नुसतं 'नको' लिहिलं तर माणूस बिनदिक्कत दाबून चालता होतो. म्हणून नकार असा लिहायचा, की दाबताना बोट अडखळलं पाहिजे. उशीच्या पानावर तिनं लिहिलं होतं, 'नको, माझी मान अशीच अवघडलेली बरी.' रजईच्या पानावर, 'नको, आम्ही एकाच पांघरुणासाठी भांडत बसू.' लहान मुलांच्या गादीखालची ओळ तर इतकी जिव्हारी लागायची, की एका बापानं कंपनीला चार पानं शिव्या लिहून पाठवल्या. गादीही मागवली.

"आपण टोमणा मारायचा नाही," नवीन लोकांना शिकवताना ती सांगायची. "त्याच्या तोंडी वाक्य द्यायचं. तो स्वतःच स्वतःला मारतो."

हे सांगताना तिचा चेहरा बसचं वेळापत्रक वाचून दाखवावं तसा असायचा.

बाकीच्या युक्त्याही तिच्या बोटांवर होत्या. 'फक्त ३ शिल्लक' असं लाल अक्षरांत लिहायचं. गोदामात माल छताला टेकलेला असला तरी तीनच. सवलत संपायला दहा मिनिटं उरल्याचं घड्याळ लावायचं. दहा मिनिटं संपली की घड्याळ मुकाट्यानं पुन्हा दहावर. तीन वस्तू शेजारीशेजारी मांडायच्या, आणि त्यातली एक कुणी घेऊच नये म्हणून ठेवायची. रजईच्या पानावर अशी एक नुसती खोळ होती, आत रजई नसलेली, तरी किंमत जवळजवळ रजईइतकीच. ती मांडलेली असायची ती शेजारच्या रजया शहाण्या दिसाव्यात म्हणून.

आणि चिठ्ठी. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यातून अलगद वर सरकणारा एक पांढरा चौकोन. त्यावर एखादं नाव, आणि पुढे, 'यांनी ही रजई आत्ताच घेतली. ४ मिनिटांपूर्वी.' चार सेकंद थांबायची आणि खाली बुडायची. घरात एकट्यानं खरेदी करत बसलेल्या माणसाला वाटावं, आपण एकटे नाही, आजूबाजूला सगळे घेतायत.

मिनिटं चारच का, तर त्याचाही अभ्यास झाला होता. तो केला होता मॅडमनी. मॅडमना पाठीमागे सगळे टक्केबाई म्हणत, कारण त्या चहातली साखरसुद्धा टक्क्यांत सांगायच्या. "एक मिनिट म्हटलं तर खोटं वाटतं," टक्केबाई म्हणाल्या होत्या, "आणि दहा म्हटलं तर शिळं. चार म्हणजे ताजं."

त्या चिठ्ठ्यांवरची नावं धाकटीनं लिहिली होती. नोकरीचा पहिलाच आठवडा होता. टक्केबाई म्हणाल्या, "साठ नावं दे. शेजारी राहत असतील अशी वाटली पाहिजेत." तिनं शाळेतल्या बाई आठवल्या, दाताचे डॉक्टर आठवले, चौथ्या बाकावरची मुलगी, लिफ्ट दुरुस्त करायला यायचे ते काका. चाळीस नावांनंतर डोकं आटलं. मग एक्केचाळिसावं तिनं ताईचं घातलं.

ताईला हे कळलं त्या दिवशी फोनवर हसून हसून तिला दम लागला होता.

"अगं ए, मी आत्ता सतरावी रजई घेतली म्हणे! तुझे भाऊजी विचारतायत, ठेवतेस कुठे?"

"गप गं ताई. ऑफिसात आहे मी."

"गप काय? माझं नाव वापरता, मला काहीतरी द्या. निदान एक उशी तरी. आणि मेली ही रजई! किती जाड आहे ती. एवढ्या उन्हाळ्यात मी घेईन का? उकडून मरेन ना!"

आणि लगेच तिनं त्या पानाचा पत्ता घरच्या ग्रुपवर टाकून दिला. खाली लिहिलं, 'बघा, मी परत खरेदीला निघाले.'

चौदा महिन्यांपूर्वी ताई गेली. आजार मोठा होता आणि वेळ थोडा. शेवटी डॉक्टरांनी एक कागद पुढे केला. यंत्र चालू ठेवायचं की थांबवायचं, दोन चौकटी, एकीत खूण करायची. भाऊजी भिंतीकडे तोंड करून उभे होते. आई खुर्चीत बसून पर्सची चेन उघडझाक करत होती. धाकटीनं कागद हातात घेतला आणि तिच्या मनात पहिलं आलं ते असं, की दोन्ही चौकटी सारख्याच मापाच्या आहेत. एकही हिरवी नाही. नकाराखाली टोमणा नाही. किती सरळ कागद.

त्यानंतर तिला फारसं काही वाटलं नाही. रडू आलं नाही, रागही आला नाही. दुसऱ्या सोमवारी ती कामावर गेली आणि दुपारपर्यंत चादरींच्या अकरा ओळी लिहून मोकळी झाली. टक्केबाई म्हणाल्या, "तुझं कौतुक आहे हं." ती म्हणाली, "हो." जेवणाच्या सुट्टीत डबा उघडायची, खायची, घासून ठेवायची, काय खाल्लं ते कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. यादीत ताईचं नाव आहे हे तिला ठाऊक होतं. पण यादीत हात घालायचा तर चष्म्याला सांगावं लागलं असतं, चष्म्यानं का म्हणून विचारलं असतं. राहिलं ते राहिलं.

चष्म्या म्हणजे पडद्यामागची सगळी यंत्रणा बघणारा. पस्तिशीचा, अबोल, नाकावरचा चष्मा दर दोन वाक्यांनी वर ढकलणारा. त्यानंच एका सोमवारच्या मीटिंगमध्ये ठिय्याबाईचा विषय काढला.

"एक पाहुणी आहे," तो म्हणाला. पान उघडून बघणाऱ्याला त्यांच्याकडे पाहुणा म्हणायची पद्धत होती. "रोज दुपारी तीनच्या सुमाराला येते. रजईच्या पानावर. सात महिने झाले."

"आणि?" टक्केबाई.

"आणि काही नाही. बसते. पान खाली-वर करत नाही, फोटो मोठा करून बघत नाही. नुसती बसते आणि जाते."

"सात महिने रोज येते आणि घेत नाही?" टक्केबाईंनी पेन खाली ठेवलं. त्यांच्या दृष्टीनं हा जवळजवळ गुन्हा होता. "म्हणजे ठिय्याच दिलाय की आपल्या दारात! बाई कशावरून पण?"

"असंच. मला वाटलं."

"असू दे. ठिय्याबाई." आणि त्या धाकटीकडे वळल्या. "नकोबाई, ही तुझी. हिला वळवलंस ना, तर असे नुसते बसून जाणारे सगळे कसे वळवायचे ते आपल्याला कळेल. पंधरा दिवस देते."

धाकटीनं वहीत लिहून घेतलं, 'ठिय्याबाई, पंधरा दिवस.'

तिनं शिस्तीत सुरुवात केली. पहिल्यांदा मवाळ ओळ, 'निवांत बघा, घाई नाही.' ठिय्याबाई आली, बसली, गेली. मग सवलत. ठिय्याबाई आली, बसली, गेली. मग घड्याळ, मग तीन शिल्लक, मग दोन, मग 'ही शेवटची'. शेवटच्या रजईसमोर ठिय्याबाई एकोणतीस मिनिटं बसली आणि तिनं शेवटची रजई शांतपणे तिथेच ठेवली.

"दगड आहे गं ही," चष्म्या म्हणाला.

"चांगलं आहे," धाकटी म्हणाली.

"काय चांगलं?"

"काही नाही. पुढची ओळ देते संध्याकाळपर्यंत."

पुढच्या सोमवारी चष्म्या स्वतः उठून तिच्या टेबलाशी आला. हे वर्षातून एकदा घडायचं. हातात कागद होता, त्यावर आकड्यांची लांबलचक रांग.

"हिच्या वेळा बघ. कधी दोन मिनिटं, कधी अडतीस, कधी सतरा. काही ताळतंत्रच नाही. चाळीसच्या वर मात्र एकदाही नाही. मला झोप लागेना. मग काल ध्यानात आलं." चष्मा वर. "चिठ्ठ्या. साठ नावं, दर चाळीस सेकंदांनी एक. म्हणजे पूर्ण फेरी चाळीस मिनिटांची. आणि कुणाची फेरी कुठल्या नावापासून सुरू होईल ते यंत्र ठरवतं, रोज वेगळं. बरोबर?"

"बरोबर."

"ही एका नावाची वाट बघते. ते आलं की पान बंद करते. दुसऱ्याच सेकंदाला. सात महिने, एकदाही चूक नाही."

धाकटीनं पेनाचं टोपण लावलं.

"एक्केचाळीस नंबर," चष्म्या म्हणाला. "कोण आहे ही एक्केचाळीस?"

"कोणी नाही. यादीतलं नाव."

"मी काढलं शोधून, ती टॅबवरून येते. जुना टॅब आहे, आता बनवतही नाहीत तसले."

धाकटीला तो टॅब माहीत होता. डाव्या कोपऱ्यात काच तडकलेली, मागे निळं कव्हर. भाऊजींनी गाव बदलताना ताईच्या वस्तूंची खोकी आणून ठेवली, त्यातून आईनं एवढा एकच उचलून घेतला होता. "मला पत्ते खेळायला होईल," म्हणाली होती.

आतून काहीतरी सरकेल म्हणून धाकटी क्षणभर थांबली. काही सरकलं नाही. तोंडात थोडी कोरड आली, एवढंच. ती पाणी प्यायली.

"मॅडमना सांगितलंस?"

"आत्ताच."

टक्केबाई लांबूनच येताना दिसल्या, हात पुढे पसरून. "नाव! नकोबाई, नावाला भुलली ती! आणि ऐक, मी आत्ता काढून बघितलं, एक्केचाळीसची चिठ्ठी आल्यावर घेणाऱ्यांचं प्रमाण बाकीच्यांपेक्षा सव्वापट आहे. सव्वापट! तू लिहिलंस तरी कसं हे नाव?"

"सुचलं."

"तर आता काय करायचं. तुला माहितीय, या शुक्रवारी आपली यादी जाणार. वकिलांनी सांगितलंय, यापुढे चिठ्ठीवर खऱ्या गिऱ्हाइकांचीच नावं, खरीच वेळ. आता काय, नियम म्हणजे नियम. पण शुक्रवार अजून चार दिवस लांब आहे. त्याच्या आत ठिय्याबाईला एक्केचाळीसकडून निरोप जाऊ दे. साधा, प्रेमाचा. मी घेतली, तूही घे, असं काहीतरी. तुझ्या पद्धतीनं. गुरुवारी लावू."

"बरं," धाकटी म्हणाली.

ती जागेवर बसली आणि तिनं रिकामा चौकोन उघडला. चिठ्ठीत बसतील एवढीच अक्षरं टाकता येत. नेहमी तिला आठ-दहा ओळी खोडाव्या लागायच्या. आज पहिलीच आली, आणि सबंध आली, 'आई, घे गं. पाय गार पडतात तुझे.' चौकोनात बरोबर मावली. ताईच्या आवाजातच आली, त्या 'गं'ला थोडा झोका देऊन. ही ओळ लावली तर ठिय्याबाई घेणार. आठ वर्षांत धाकटीला कुठल्याही ओळीबद्दल इतकी खात्री वाटली नव्हती.

तिनं एकेक अक्षर मागून पुढे पुसत आणलं. 'आई' राहिलं, मग तेही पुसलं.

गुरुवारी टक्केबाईंनी विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "सुचलं नाही."

"तुला? सुचलं नाही?"

"नाही."

टक्केबाईंनी तिच्याकडे असं बघितलं जसं नळाला पाणी येत नसल्यावर नळाकडे बघतात. "बरं वाटत नाहीये का? उद्या अर्धा दिवस घे हवं तर. पण सोमवारी ठिय्याबाईचं काहीतरी घेऊन ये."

शुक्रवारी बाराला यादी गेली. चष्म्यानं बोट बटणावर ठेवलं आणि मान वळवून धाकटीला हाक मारली.

"नकोबाई, काढू ना?"

"मला काय विचारतोस? काढ की."

"नक्की?"

"काढ रे बाबा."

त्यानं काढली. काहीही आवाज झाला नाही. धाकटीनं डबा पिशवीत टाकला आणि ती घरी निघाली.

तिसऱ्या मजल्यावरची दोन खोल्यांची जागा. बाबा लवकर गेल्यापासून धाकटी आणि आई दोघीच राहायच्या. धाकटीनं किल्लीनं दार उघडलं तेव्हा तीनला पाच कमी होते. आई खिडकीखाली सतरंजीवर भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर निळं कव्हर.

"आज काय गं, लवकर सुटली शाळा?"

"अर्धा दिवस घेतला."

"बरं नाही?"

"बरी आहे."

"मग कपडे बदल, हातपाय धू. चहा मी करते जरा वेळानं. आत्ता मी जरा..." आईनं टॅब थोडासा कलता केला, शाळेतली मुलगी पेपर झाकते तसा. "पत्ते खेळतेय."

धाकटी कपडे न बदलता तिच्या शेजारी खाली बसली, एक पाय दुमडून त्यावर. आईनं जरा सरकून जागा दिली. टॅब तसाच कलता.

पडद्याकडे न बघताही धाकटीला माहीत होतं तिथे काय चाललंय. कोपऱ्यातून चिठ्ठी वर येते, थांबते, बुडते. पाच जणांनी रजई घेतली होती महिनाभरात. उन्हाळ्यात कोण घेणार? पाच नावं, पुन्हा तीच पाच. पंधरा मिनिटं गेली. पंचवीस. आईनं एकदा चष्मा पुसला. खाली कुणीतरी मोटारसायकल सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती.

तीस मिनिटं. छत्तीस.

"तू जा की आत," आई म्हणाली. "पंखा लाव."

"बसते."

चाळीस मिनिटं झाली. बेचाळीस. आईनं टॅब डोळ्यांच्या अगदी जवळ नेला, मग लांब धरला. आणि स्वतःशी बोलावं तसं, अगदी साध्या आवाजात म्हणाली,

"आज उशीर करतेय."

धाकटीनं सतरंजीचा निघालेला दोरा बोटाला गुंडाळला.

"आई, ती नाही यायची."

आईनं वर बघितलं नाही. "कोण?"

"ताई. यादी काढली आज बाराला. आता खरी नावं येतात. ज्यांनी खरंच घेतलं त्यांची."

आईनं पुन्हा एकदा पडद्याकडे बघितलं. मग टॅब मांडीवर सरळ ठेवला. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"तुला कधीपासून माहीत?"

"सोमवारपासून. ऑफिसात सगळ्यांना माहितीये, फक्त तू आहेस हे माहीत नाही. ठिय्याबाई म्हणतात तुला."

"काय म्हणतात?"

"ठिय्याबाई."

आईला हसू आलं, नाकातून, आवाज न करता. "मेल्यांनो. ती शेवटची एक राहिलीय, शेवटची एक राहिलीय, असं आठ दिवस कोण ओरडत होतं मग? तूच ना?"

"मीच."

"मला कळतच होतं. तुझी ओळ मी ओळखते. लहानपणी कपाटातला खाऊ हवा असला की अशीच बोलायचीस. 'नको, मला भूक नाहीये, मी अशीच झोपेन.'"

"आई, तुला कळत होतं ना पण? की ते नाव मी टाकलंय, ते खोटं आहे, ती काही..."

"मला काय खुळी समजतेस?" आईचा आवाज चढला नाही. "आता तूच बघ. विजेच्या बिलावरून नाव काढलं. बँकेतून काढलं. फोनचा नंबर कुणा दुसऱ्याला दिला. मी लावला एकदा, कुणीतरी बाप्या बोलला. जावयांनी दारावरची पाटी बदलली, त्यांचंही चुकलं नाही. सगळीकडे ती चौदा महिन्यांपूर्वी. एवढ्या एका ठिकाणी चार मिनिटांपूर्वी." तिनं पडद्यावरून पदरानं बोटांचे डाग पुसले. "काहीतरी करत होती बिचारी. रजई तर रजई."

धाकटीनं बोटाला गुंडाळलेला दोरा सोडवला.  

"बरं, मला सांग," आई म्हणाली. "आता तिथे नाव कसं येतं?"

"घेतलं तर येतं."

"कुणी पैसे भरायचे, कुणाचं नाव घालायचं, ते बघतात?"

"नाही. नावाच्या रकान्यात जे घालशील ते."

हे बोलून झालं आणि धाकटीच्या लक्षात आलं, तिनं काय केलं. आठ वर्षं ती खोट्या घड्याळांवर आणि खोट्या शिल्लकीवर गिऱ्हाइकं वळवत होती. आणि आज, ऑफिसातून अर्धा दिवस रजा काढून, जमिनीवर बसून, एकही शब्द खोटा न बोलता, तिनं ठिय्याबाईला वळवलं होतं.

"आई, राहू दे. उगाच कशाला. रजई घेऊन करणार काय आपण? उकडतं."

"हे असंच म्हणाली असती ती," आई म्हणाली. "किती वस्तू आहेत? एक, दोन... आणि ही काय? खोळ? नुसतीच?"

"ती कुणी घेत नाही. ती नुसती मांडायला आहे."

"पण घेतली तर नाव येतं?"

"येतं."

"मग खोळच घेऊ. दोघींना रजया कशाला हव्यात." आईनं चष्मा सरळ केला आणि मोठ्यानं वाचू लागली, "हो, मला हवी. आणि हे खाली काय? 'नको, आम्ही एकाच पांघरुणासाठी भांडत बसू.' हे तू लिहिलंस?"

"हो."

"लाज नाही वाटली?"

"नाही."

"हं. दोघी भांडायचात मात्र. एक पाय तिचा बाहेर, एक तुझा." आईनं टॅब धाकटीच्या मांडीवर ठेवला. "घे, तू भर. माझी बोटं नीट पडत नाहीत."

धाकटीनं भरलं. पत्ता घरचा, नंबर आईचा. नावाच्या रकान्यात तिनं ताईचं नाव घातलं, सबंध, आडनावासकट. हे नाव तिनं शेवटचं कधी लिहिलं होतं? दवाखान्याच्या कागदावर. बोटं तशीच चालली, न थांबता. हिरवं बटण दाबलं.

चिठ्ठी लगेच वर आली. ताईचं नाव. 'यांनी रजईची खोळ घेतली. आत्ताच.' थांबली, बुडाली.

आईनं पान बंद केलं नाही. नेहमी करायची, आज बसून राहिली. पाच जण होते, ताई सहावी. सहा नावं, चाळीस-चाळीस सेकंद. धाकटीनं मनात हिशेब केला आणि तो बरोबर चार मिनिटांचा निघाला.

"अजून थोडं थांब," ती म्हणाली.

त्या थांबल्या. कुणी एक गृहस्थ, तीन दिवसांपूर्वी. कुणी बाई, एकवीस दिवसांपूर्वी. खाली ती मोटारसायकल एकदाची सुरू झाली आणि निघून गेली. धाकटीचा फोन वाजला. चष्म्याचा निरोप. 'नकोबाई!! ठिय्याबाई वळली! घेतलं तिनं! पण खोळ घेतली गं. नुसती खोळ कोण घेतं?' मग बराच वेळ काही नाही. मग दुसरा. 'नाव बघितलं.' आणि तिसरा. 'मॅडम फक्त टक्के बघतात. मी कुणाला काही सांगत नाही.'

तिनं फोन उपडा ठेवला.

कोपऱ्यातून चिठ्ठी वर आली. ताईचं नाव. 'यांनी रजईची खोळ घेतली. ४ मिनिटांपूर्वी.'

आईनं मान हलवली. बरोबर आहे, अशी. चिठ्ठी बुडाल्यावर तिनं विचारलं, "आता पुढच्या फेरीत?"

"आठ."

"आणि उद्या?"

"एक दिवसापूर्वी."

"म्हणजे लांबच जाणार आता."

"हो. महिनाभर दिसेल. मग काढतात."

आईनं बोटांवर काहीतरी मोजलं. "मग महिन्याला एक खोळ," ती म्हणाली. "घालू कशाला ना कशाला." आणि तिनं स्वतःच पान बंद केलं, निळं कव्हर मिटलं, टॅब उशाशी सरकवला. "ऊठ. चहा टाक आता तूच, मी दमले."

धाकटी उठायला गेली आणि भिंतीला धरून तशीच राहिली. तासभर दुमडलेला पाय पार मेला होता. जमिनीवर टेकवला तरी जमीन लागत नव्हती.

"काय झालं?"

"पाय."

"आपट."

"थांब जरा."

"थांबून काय होतंय? आपट जोरात. मुंग्या येतील, येऊ देत."

धाकटीनं पाय आपटला. एकदा. काही नाही. खालच्या मजल्यावरच्यांना ऐकू जाईल म्हणून ती थांबली, तर आई म्हणाली, "जाऊ दे ऐकू, आपट," आणि तिनं पुन्हा आपटला, आणि पुन्हा, भिंतीला धरून, ऑफिसच्या कपड्यांत, मग टाचेपासून वर काहीतरी बारीक, वाईट टोचायला लागलं, आणि तिनं ओठ दाताखाली धरला.

"आलं?" आईनं विचारलं.

"येतंय," ती म्हणाली, आणि लंगडतच चहा टाकायला आत गेली.